सकाळचं क्रीम

ताईचा फोन आला तेव्हा फिरक्या एका झुडपामागे उकिडवा बसून बॅडमिंटन बघत होता. खेळणारा गडी उड्या मारमारून शटल परतवत होता. विमा कंपनीच्या फायलीप्रमाणे या गड्याला कंबरेखाली काही हलवता येत नव्हतं.

"कुठे आहेस?" ताईने विचारलं.

"झुडपात."

"मस्करी नको. दाजींनी बेकरीतल्या अक्काला कामावरून काढलं. उद्या संध्याकाळी पोलिसात तक्रार देणार आहेत. तू आत्ताच्या आत्ता निघ."

ताईचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. फिरक्याने मोबाइलवर त्या गड्याचे आणखी दोन फटके टिपले, झुडपातून डोकं वर काढून "वा, छान" म्हणत टाळ्या वाजवल्या, आणि गडी मटकन खाली बसून कंबर धरायला लागला तसा तो बसस्टॉपकडे निघाला.

पन्नाशी आली तरी त्याला सगळे फिरक्याच म्हणत. भेटेल त्याची फिरकी घेऊन त्याने ते नाव कमावलं होतं. खोटे दावे पकडणं हा त्याचा धंदा, खोड्या काढणं हा जोडधंदा. या दोन्हींमुळे त्याचा कुणावरही चटकन विश्वास बसत नसे. अपवाद एकच. आई गेल्यावर ज्या ताईने त्याला अंघोळ घालून, कान पिळून वाढवलं, ती ताई.

ताईचं घर वर, दाजींची बेकरी खाली. दाजी दुकानाच्या मागच्या खोलीत पाण्याची बाटली घेऊन बसले होते. पायात सैल चप्पल, अंगठ्याला पट्टी.

"पायाला काय झालं?"

"चप्पल लागली. पायाचं सोड, माझं नाक कापलं गेलंय ते बघ." दाजींनी घोट घेतला. "लग्नाचा तीन मजली केक. लोकांनी एक घास घेतला आणि प्लेटा खुर्च्यांखाली सरकवल्या. नवऱ्यामुलाचा काका मला म्हणतो, केक मागवला होता, साखरेचं पोतं नाही."

"पहिल्यांदाच झालं?"

"छे. गेले काही महिने तक्रारी येतच होत्या. केक गोडमिट्ट लागतो म्हणून."

"केक कोण करतं?"

"स्पंज ढापण्या भाजतो. क्रीम अक्का फेटते. शेवटचा हात माझा."

"म्हणजे?"

दाजींनी बाटली खाली ठेवली. हा त्यांचा आवडता विषय होता. क्रीम फेटून झालं की सगळ्यांनी बाहेर जायचं. दार लावून दाजी एकटे आत. चव घ्यायची, हवी तेवढी पिठीसाखर घालायची, एका छोट्या बाटलीतले चार थेंब टाकायचे. त्या बाटलीत काय आहे ते ताईलाही माहीत नव्हतं. दाजींच्या वडिलांपासून ही पद्धत चालत आलेली.

"आणि इथेच तिची लबाडी," दाजी म्हणाले. "अक्का मला क्रीम देते ते अगोड. मी ते नीट करतो, जिभेला अगदी बरोबर लागेल असं. मग ते फ्रीजमध्ये जातं. दुपारी तेच क्रीम चाखलं तर तोंडात घेववत नाही. म्हणजे मधे कुणीतरी साखर ओतली. फ्रीजला कुलूप. किल्ली अक्काच्या गळ्यात."

"संध्याकाळचं क्रीम?"

"ते ठीक असतं. सकाळचंच बिघडायचं. अक्काला काढल्यापासून क्रीम फक्त संध्याकाळी, ढापण्या फेटतो."

"तिचा फायदा काय?"

"पुढच्या चौकातला केकवाला तिला कधीपासून बोलावतोय. जाता जाता मला बुडवून जायचं असेल. मीही सगळ्या बेकऱ्यांना फोन करून सांगितलंय, या बाईला ठेवाल तर पस्तावाल."

फिरक्या अक्काच्या खोलीवर गेला तेव्हा ती दारातच उभी होती. आत या म्हणाली नाही.

"मालकांनी पाठवलं?"

"ताईने."

अक्काने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "बाईंनी? बरं. विचारा."

"क्रीममध्ये साखर किती घालायची हे कोण ठरवतं?"

"वजनकाटा. मी चव बघतच नाही. काट्यावर टाकते, फेटते, बाहेर जाते."

"मालक म्हणतात अगोड असतं."

"मी म्हटलं, काटा बघून घ्या. बघितला नाही. त्यांना जिभेपेक्षा काटा कमी वाटतो."

"किल्ली कधी कुणाला दिलीत?"

"नाही. दुसरी किल्ली मालकांच्या पुतण्याकडे आहे, पण तो फ्रीजपर्यंत चालत येईल असं मला वाटत नाही."

फिरक्याला हसू आलं. अक्काला आलं नाही.

"दुकानात गिऱ्हाईक भरलं होतं," ती म्हणाली. "त्या सगळ्यांपुढे त्यांनी माझी पिशवी काउंटरवर उलटी केली. साखर सापडते का बघायला. डबा पडला, रुमाल पडला, माझी गुडघ्याची पट्टी पडली. एका बाईने ती पट्टी उचलून माझ्या हातात दिली. मला अजून ती बाई दिसते. नंतर तीन बेकऱ्यांत जाऊन आले. तिघांनी दारातूनच परत पाठवलं. मला दुसरं काही येत नाही. तेवढा माझ्या नावावरचा डाग पुसून द्या."

त्या रात्री फिरक्या ताईकडेच राहिला.

सकाळी बाथरूममध्ये गेला तर कोपऱ्यात मुंग्यांची भलीमोठी रांग. खाली बेकरी म्हटल्यावर मुंग्या असायच्याच, पण या मुंग्यांना बेकरी सोडून बाथरूम आवडलं होतं.

"ताई, तुमच्याकडच्या मुंग्या अंघोळ करतात वाटतं."

ताई बादली घेऊन आली आणि दोन तांबे पाणी ओतून गेली.

गॅलरीच्या गजांवर एक वेल चढवलेली होती. फिरक्याला हाताला लागेल ते चघळायची सवय होती. काडी, गवत, पेनाचं टोपण, काहीही. त्याने वेलीची दोन पानं खुडली, चावली, कडू लागली तशी थुंकली आणि चहाला आत गेला.

"ताई, साखर महाग झाली का गं? नुसतं गरम पाणी लागतंय."

ताईचा हात कपावरच थांबला. मग तिने डबा पुढे केला. "घे हवी तेवढी."

त्याने दोन चमचे घातले. तरी तेच. "आता हा चहा मी विमा कंपनीकडे पाठवतो. साखरेचा खोटा दावा."

ताई हसली नाही. तिची नखं हिरवट दिसत होती.

"नखांना काय गं?"

"पालेभाजी निवडली काल," ती म्हणाली, आणि दाजींचा थर्मास भरायला वळली. रोज सकाळी ती त्यांना आल्याचं गरम पाणी देत असे. पोटाला बरं म्हणून. दाजी थर्मास काखोटीला मारून खाली गेले, मागोमाग फिरक्या.

पुतण्या काउंटरवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. फिरक्याने समोरची पेस्ट्री उचलून एक घास घेतला. ओल्या खडूसारखी लागली.

"काय रे, हे पुट्टी लावायला ठेवलंय का?"

"आजच सकाळी ठेवलंय मामा. कालच्या संध्याकाळच्या क्रीमचं."

"दुसरी किल्ली तुझ्याकडे असते?"

"ड्रॉवरमध्ये असते. मी कशाला फ्रीजकडे जाऊ? तिथे वायफाय येत नाही."

"दुकान तुला हवंय म्हणे."

"कॉफी शॉप करायचंय. काका ऐकत नाहीत. पण मामा, दुकानाचं नाव खराब झालं तर मला मिळून काय उपयोग?"

मुद्दा बरोबर होता. फिरक्याने उरलेली पेस्ट्री कागदात गुंडाळून खिशात घातली आणि भट्टीकडे गेला. ढापण्याच्या जाड चष्म्यावर पिठाचा थर होता.

"अक्का साखर चोरते असं वाटतं तुला?"

"चोरत असती तर पोतं उरलं असतं ना? इथे उलट आहे. पिठीसाखर हल्ली लवकर संपते."

"मालक आत असतात तेव्हा तू कुठे असतोस?"

"दाराबाहेर. आधी दोनदा चमचा वाजायचा डब्यावर, की आले बाहेर. पण गेले काही महिने सकाळी नुसता वाजतच राहायचा. मला वाटलं मालकांचं वय झालं."

इतक्यात चहा आला. दाजींनी थर्मासचं झाकण लावलं, कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखर मागवली. परत मागवली. मग कप बाजूला सारला.

"काही राम राहिला नाही. अक्का गेली तरी तिच्या वळणाचे लोक आहेतच इथे. चहावालाही चोर."

"तुम्हाला सगळेच चोर वाटतात दाजी."

"तुझ्या धंद्यात राहून तुला वाटत नाहीत?"

फिरक्या मागच्या पायरीवर जाऊन बसला. विचार करताना त्याचे दात रिकामे राहत नसत. खिशातली पेस्ट्री काढली आणि घास घेतला.

गोड होती. चांगली, बेताची गोड.

तो चावायचा थांबला. मघाचाच तुकडा, त्याच्याच दातांची खूण असलेला. तोंडही मघाचंच. मघाशी खडू लागला तो आता केक कसा झाला? आणि त्याआधी चहा पाण्यासारखा लागला होता. त्याच्याही आधी काय खाल्लं होतं?

तो वर गेला. ताई घरात नव्हती. त्याने गॅलरीतली दोन पानं खुडून चावली, स्वयंपाकघरातून चिमूटभर साखर जिभेवर टाकली. तोंडात रेती आल्यासारखं वाटलं.

फिरक्या एकटाच उभा राहून हसत सुटला.

बाजारात एक झाडपाल्याची औषधं विकणारा बसायचा. फिरक्याने त्याच्यासमोर पान ठेवलं.

"हे काय आहे?"

"गुडमार. चावलंत का?"

"चावलं."

"मग आता तासभर कुणी पेढा दिला तरी घेऊ नका, फुकट जाईल."

"कोण नेतं हे?"

"साखरेचे रोगी. कुणी चावतं, कुणी उकळून पितं. फरक पडतो म्हणतात लोक. मी प्रत्येकाला सांगतो, बाबा रे, डॉक्टर सोडू नको. साखर मोजत राहा. ऐकतं कोण? रोग लपवायचा असला की पाला बरा वाटतो. पाल्याला कुणी विचारत नाही, काय झालंय तुला म्हणून."

परतताना फिरक्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. हातातली पाण्याची बाटली. न भरणारा अंगठा. बाथरूममधल्या मुंग्या, त्या तर लघवीतल्या साखरेला जमल्या होत्या. दाजींना साखर होती. केकवाल्याला साखर. लाजेने कुणाला न सांगता दाजी गॅलरीतला पाला चघळत होते आणि मेलेल्या जिभेने क्रीम चाखत होते. अगोड लागणारच. साखर घालत सुटणारच. दुपारपर्यंत जीभ जागी, मग तेच क्रीम गोडमिट्ट.

असा मासा त्याच्या गळाला कधी लागला नव्हता. फिर्यादीच गुन्हेगार. त्याने मनातल्या मनात तमाशा रचायला घेतला.

ताई जिन्यात भेटली.

"लागला शोध?"

"संध्याकाळी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलाव. अक्कालाही."

"सगळ्यांसमोर कशाला? मला आधी सांग."

"मजा जाईल."

"फिरक्या, ऐक माझं. आधी मला सांग."

"पोलिसात जायच्या आधी दाजींना त्यांची जागा दाखवतो, तू बघच," असं म्हणून तो शीळ घालत वर गेला. ताई जिन्यातच उभी राहिली.

संध्याकाळी मागच्या खोलीत सगळे जमले. पुतण्या, ढापण्या, ताई. दाजी हातात तक्रारीचा कागद घेऊन. अक्का दाराशी, खांद्याला तीच पिशवी, आणि एक पाऊल बाहेर.

"आज एक खेळ खेळायचा," फिरक्या म्हणाला. "प्रत्येकाने हे पान चावायचं. कडू आहे, पण कुणी मरणार नाही. दाजी, तुम्ही नको. तुम्ही पंच."

पुतण्याने नाक मुरडत चावलं. ढापण्याने मुकाट्याने. अक्काने आधी फिरक्याकडे बघितलं, मग चावलं. ताईने पान हातातच धरून ठेवलं.

"आता चमचाभर साखर."

पुतण्याने चमचा तोंडात घातला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "मामा, ही साखर नाहीये."

"साखरच आहे. डब्यातून तूच काढलीस."

ढापण्या तोंड हलवत राहिला. "वाळू," तो म्हणाला.

अक्का चमचा खाली ठेवून सरळ दाजींकडे बघायला लागली. तिला कळलं होतं.

फिरक्याने हात चोळले. "तर मंडळी, साखर कुणी ओतली? ज्याच्या हाताशी डबा होता त्याने. दार लावून आत कोण असायचं? डब्यावर चमचा कुणाचा वाजत राहायचा? अक्काचं क्रीम अगोड नव्हतंच, चाखणारी जीभ झोपलेली होती. सकाळी झोपलेली, दुपारी जागी. म्हणून सकाळचं क्रीम बिघडायचं आणि संध्याकाळचं नाही. म्हणून सकाळचा चहावाला चोर. दाजी, गॅलरीतला पाला किती दिवस चघळताय? खिसे दाखवा."

दाजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी खिसे उलटे केले. रुमाल, कंगवा, सुटे पैसे.

"मी हे पान ओळखत नाही," ते म्हणाले. "ती वेल शोभेची आहे. मी आयुष्यात तिला हात लावलेला नाही."

"साखर आहे की नाही तुम्हाला?"

दाजींनी कंगवा खिशात परत घातला. "आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. पण पान मी खात नाही. शप्पथ."

फिरक्याने कितीतरी खोटारडे बघितले होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता.

त्याची नजर टेबलावर गेली. तिथे थर्मास होता. आल्याचं पाणी, सकाळभर घोट घोट. मग त्याला हिरवट नखं आठवली, आणि काल रात्री जेवायला पालेभाजी नव्हती हेही. चहा पाण्यासारखा लागतो म्हटल्यावर कपावर थांबलेला हात. मुंग्यांवर ओतलेलं पाणी. सकाळपासून सगळं त्याच्यासमोर मांडून ठेवलेलं होतं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर चहा संपायच्या आत त्याने ओळखलं असतं. इथे त्याने त्या बाजूला बघितलंच नव्हतं, कारण त्या बाजूला ताई होती.

आणि तिने जिन्यात दोनदा सांगितलं होतं, आधी मला सांग म्हणून.

त्याने हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे काय, कधी कधी वाऱ्याने एखादं पान," तो म्हणाला, आणि पुढे वाक्य नव्हतं. अक्का त्याच्याकडे बघत होती. आता तो काय करतो ते बघत होती.

"पुरे," ताई म्हणाली. "पाला मी देते. थर्मासमधून. उकळून, वर आलं-लिंबू."

दाजी तिच्याकडे वळले. "तू?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत. मुंग्यांनी सांगितलं. रात्रीतून चारदा उठायचात, तांब्याने पाणी प्यायचात. मी डॉक्टरचं नाव काढलं की जेवणावरून उठून जायचात. केकवाल्याला साखर झाली हे कळलं तर दुकानात कोण येईल, असं तुम्ही झोपेत बडबडलात एकदा. मग मी वेल लावली. दोन पानं टाकायला लागले. माझ्या नवऱ्याला त्याच्या पाठीमागे औषध देतेय, हे कुणाला सांगणार होते?"

"क्रीमचं तुला कधी कळलं?" फिरक्याने विचारलं. हा प्रश्न विचारायचा नव्हता. पण तपास करणाऱ्याला तो सोडता येत नाही.

ताईने अक्काकडे बघितलं नाही. "अक्काला काढलं त्याच्या आदल्या दिवशी. थर्मासमध्ये उरलेलं पाणी मी प्यायले, फेकायचं जिवावर आलं म्हणून. नंतर केकचा तुकडा खाल्ला. तेव्हा."

"आदल्या दिवशी," अक्का म्हणाली.

"हो."

"पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही जिन्यात होतात. मी बघितलं होतं तुम्हाला."

"होते."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून खाली येत नाही."

ताईने पान हातात चुरगळलं. "तोंडापर्यंत आलं होतं. बोलले असते तर यांची साखर चारचौघांत गेली असती, आणि माझी चोरी. गप्प बसले. मग यांनी पोलिसाचं नाव काढलं आणि मी फिरक्याला बोलावलं. म्हटलं, तो शोधून काढेल. मग मला तोंडाने सांगावं लागणार नाही. तेही त्याच्यावरच ढकललं."

फिरक्या जमिनीकडे बघत होता. टेबलावर साखरेचे चमचे पसरले होते. हा तमाशा त्यानेच मांडला होता.

दाजींनी तक्रारीचा कागद आधी दुमडला, मग फाडला. "अक्का, उद्यापासून ये. मी चुकलो. साखर तू काट्यावर घालशील तेवढीच, मी हात लावणार नाही."

"मालक, तुम्ही हे इथे बोलताय," अक्का म्हणाली. "दार लावून."

पुतण्याने मोबाइल खिशात घातला.

बाहेर दुकानात संध्याकाळची गर्दी होती. दाजी काउंटरमागे जाऊन उभे राहिले. दोनदा खाकरले. लोकांना वाटलं काहीतरी स्वस्त झालंय.

"गेल्या आठवड्यात या बाईंची पिशवी मी इथे उलटी केली," ते म्हणाले. "साखर त्यांनी घातली नव्हती. मी घातली. मला," त्यांचा आवाज अडकला. अक्काने त्यांना सोडवलं नाही. ती वाट बघत उभी राहिली. "मला साखरेचा आजार आहे. तो मी लपवला. औषधाने जीभ बधिर झाली आणि मी आळ यांच्यावर घेतला."

"मला माहीत होतं," ताई त्यांच्या शेजारी येऊन म्हणाली. "तरी मी बोलले नाही."

एका बाईने ब्रेडचे पैसे काउंटरवर ठेवले आणि ती हळूच निघून गेली. एक म्हातारबाबा मात्र पुढे सरकून विचारायला लागले, औषध कुठलं म्हणे. त्यांना पुतण्याने बाजूला घेतलं.

अक्काने पिशवी खांद्यावर नीट केली. "आता त्या तीन बेकऱ्यांत जाऊन सांगा."

"आणि तू इथे येशील ना?"

"इथे नाही."

दाजींनी मान हलवली. ताईने एक पाऊल पुढे टाकलं. "अक्का, मी..."

"मालकांना माहीत नव्हतं, बाई," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला होतं." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी डॉक्टर झाले. फिरक्याने दाजींना आत ढकललं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. साखरेचा आकडा ऐकून डॉक्टर आधी दाजींवर ओरडले, मग अंगठा बघून ताईवर. पाल्याच्या भरवशावर पाय घालवला असतात, म्हणाले. ताईने मान वर केली नाही. मग फिरक्याने एका मित्राची गाडी मागून आणली आणि दोघांना बेकऱ्या फिरवल्या. गाडीत त्याला एकही विनोद सुचला नाही. ताई मागे बसली होती आणि आरशात तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

"ताई," तो एकदा म्हणाला. "मी आधी तुला सांगायला हवं होतं."

"आणि मी तुला," ती म्हणाली.

पहिल्या दोन ठिकाणी दाजी कसंबसं बोलले. ताईने प्रत्येक ठिकाणी आपलं वाक्य स्वतः जोडलं. एका दुकानदाराने तिच्याकडे असं बघितलं की फिरक्याने नजर फिरवली.

शेवटी पुढच्या चौकातला केकवाला. दाजींचा जुना वैरी, पण त्यांच्या फोनला घाबरून त्यानेही अक्काला दारातून परत पाठवलं होतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बोटाने मिशी कुरवाळली.

"म्हणजे बाई चांगली आहे."

"तिच्यासारखं क्रीम कुणी फेटत नाही," दाजी म्हणाले. हे बोलणं त्यांना किती जड गेलं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"उद्यापासून यायला सांगा. नाही, मीच जाऊन सांगतो." वैऱ्याला भलताच आनंद झाला होता. त्याने काचेच्या कपाटातून पेस्ट्री काढून प्लेट दाजींपुढे सरकवली. "घ्या. आमच्याकडची चव बघा एकदा."

"नको," दाजी म्हणाले. "साखर आहे मला."

या वेळी त्यांचा आवाज अडकला नाही. ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

केकवाल्याने मात्र चटकन मागे वळून बघितलं. त्याची बायको गल्ल्यावर सुटे पैसे देत होती. तो काउंटरवरून इतका वाकला की मिशी प्लेटला लागली.

"हळू बोला हो," तो कुजबुजला. "मलाही आहे."